ज्याँ पियाजे

ज्याँ पियाजे (९ ऑगस्ट १८९६, न्यूशातेल – १६ सप्टेंबर १९८०, जिनिव्हा) हे स्विस मानसशास्त्रज्ञ व ज्ञानमीमांसक होते. लहान मुलांची विचारशक्ती कशी घडते याचा त्यांनी सुमारे साठ वर्षे अभ्यास केला. बौद्धिक विकासाच्या चार अवस्थांचा त्यांचा सिद्धान्त विसाव्या शतकातील मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र या दोन्ही विषयांत पायाभूत मानला जातो. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव जीन पियाजे असेही लिहिलेले आढळते.

पियाजे यांचे महत्त्व त्यांच्या सिद्धान्तापुरते मर्यादित नाही. मानसशास्त्रात प्रमाणित चाचण्या, गुणांकन व सरासरी यांचा प्रभाव वाढत असताना त्यांनी मुलांशी मोकळा संवाद, दीर्घकालीन निरीक्षण आणि मोजक्या मुलांचा सखोल अभ्यास या मार्गाने संशोधन केले. त्यामुळे गुणात्मक संशोधन पद्धतींची बलस्थाने आणि त्यांच्या मर्यादा समजून घेण्यासाठी त्यांच्या कार्याचे उदाहरण वारंवार घेतले जाते.

बालपण व शिक्षण

पियाजे यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील फ्रेंचभाषक न्यूशातेल या शहरात झाला. त्यांचे वडील आर्थर पियाजे हे मध्ययुगीन साहित्याचे प्राध्यापक होते, तर आईचे माहेरचे नाव रिबेका जॅक्सन असे होते. वडिलांकडून आपण पद्धतशीर कामाची शिस्त शिकलो आणि आईच्या अस्थिर मनःस्वास्थ्यामुळे मनोविश्लेषणाकडे ओढलो गेलो, असे त्यांनी पुढे आत्मवृत्तात नोंदवले आहे.

त्यांचा पहिला ओढा मात्र प्राणिशास्त्राकडे होता. वयाच्या अकराव्या वर्षी, १९०७ मध्ये, त्यांनी एका बागेत पाहिलेल्या पांढऱ्या चिमणीविषयी छोटे टिपण लिहिले व ते स्थानिक निसर्गविषयक नियतकालिकात छापून आले. त्यानंतर न्यूशातेलच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे संचालक पॉल गोदे यांच्या हाताखाली त्यांनी शंखशिंपल्यांचे वर्गीकरण शिकून घेतले. १९१८ मध्ये व्हाले प्रांतातील मृदुकाय प्राण्यांवरील प्रबंधासाठी त्यांना न्यूशातेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. गोगलगाय आपल्या परिसराशी कशी जुळवून घेते, हा त्या काळातील त्यांचा प्रश्न होता. मन आपल्या परिसराशी कसे जुळवून घेते, हा पुढील आयुष्यातील प्रश्न त्यातूनच निघाला. वस्तू जशी आहे तशी पाहावी, तिची तपशीलवार नोंद करावी आणि मग वर्गीकरण करावे, ही निसर्गअभ्यासकाची सवय त्यांच्या मानसशास्त्रीय संशोधनातही शेवटपर्यंत टिकून राहिली.

डॉक्टरेटनंतर ते झुरिकला गेले. तेथील मानसशास्त्रीय प्रयोगशाळांत आणि मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांच्या रुग्णालयात त्यांनी काही काळ अनुभव घेतला. रुग्णाचे बोलणे न तोडता ऐकणे, त्याच्या उत्तरामागील सूत्र शोधणे आणि त्यानुसार पुढचा प्रश्न ठरवणे हे तंत्र त्यांना येथे जवळून पाहता आले.

पॅरिसमधील काम

१९१९ मध्ये पियाजे पॅरिसला गेले. आल्फ्रेद बिने यांच्याबरोबर बुद्धिमापन चाचणी तयार करणारे तेओदोर सिमों यांनी त्यांच्याकडे एक काम सोपवले. इंग्लंडमधील सिरिल बर्ट यांनी रचलेल्या तर्कशक्तीच्या चाचण्या पॅरिसमधील मुलांसाठी प्रमाणित करावयाच्या होत्या. कोणत्या वयाची किती मुले कोणता प्रश्न बरोबर सोडवतात एवढेच मोजणे या कामात अपेक्षित होते.

हे मोजमाप पियाजे यांना कंटाळवाणे वाटू लागले. त्याऐवजी चुकलेल्या उत्तरांकडे त्यांचे लक्ष वेधले गेले. एका वयाची मुले बहुधा एकाच प्रकारे चुकतात आणि थोडी मोठी मुले निराळ्या प्रकारे चुकतात, असे त्यांच्या ध्यानात आले. याचा अर्थ लहान मूल मोठ्या माणसापेक्षा केवळ कमी जाणते असे नव्हे, तर त्याच्या विचाराची रचनाच वेगळी असते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. गुणपत्रिकेत चुकीच्या उत्तराला शून्य गुण मिळतो व तेथेच त्याची नोंद संपते. पियाजे यांनी त्या शून्यामागील तर्क शोधण्यासाठी मुलांशी बोलण्यास प्रारंभ केला. त्यांच्या पुढील साऱ्या संशोधनाचा हा आरंभबिंदू होता.

चिकित्सालयीन पद्धतीची घडण

१९२१ मध्ये एद्वार क्लापारेद यांनी पियाजे यांना जिनिव्हातील रूसो संस्थेत संशोधनप्रमुख म्हणून बोलावले. बालअभ्यास व शिक्षकप्रशिक्षण यांसाठी १९१२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला जोडून एक बालशाळाही चालत असे. तेथे पियाजे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या दोन मुलांचे प्रत्येकी सुमारे महिनाभराचे बोलणे शब्दशः टिपले. या मुलांच्या स्वयंस्फूर्त बोलण्यापैकी जवळपास निम्मे बोलणे ऐकणाऱ्याचा विचार न करता केलेले असते, असे त्यांना आढळले. त्यांनी या बोलण्याला आत्मकेंद्री भाषा असे नाव दिले. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालकाची भाषा व विचार या विषयावरील ग्रंथाने ते वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी सर्वपरिचित झाले.

१९२६ मध्ये बालकाच्या मनातील जगाच्या कल्पनेविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी आपल्या पद्धतीची चर्चा केली आहे. चाचणीत सर्व मुलांना एकच प्रश्न एकाच शब्दांत विचारला जातो. त्यामुळे उत्तरांची तुलना करता येते, परंतु मुलाला प्रश्न कसा समजला हे कळत नाही. शुद्ध निरीक्षणात मुलाचे स्वाभाविक वागणे दिसते, मात्र मूल आपले सगळे विचार आपणहून बोलून दाखवत नाही. म्हणून पियाजे यांनी मनोविकारतज्ज्ञांच्या तपासणीवरून तिसरा मार्ग बेतला व त्याला चिकित्सालयीन पद्धती म्हटले. हिच्यात विषय ठरलेला असतो, प्रश्न मात्र मुलाच्या उत्तरानुसार बदलत जातात. सूर्य कोठून आला, वारा कशामुळे वाहतो, सायकलीला काही जाणवते का, स्वप्न कोठे असते, अशा विषयांवर त्यांनी मुलांना बोलते केले. निर्जीव वस्तूंना जाणीव असते आणि डोंगर-तळी माणसांनी बनवली आहेत, असे लहान मुलांना वाटते, हे या संभाषणांतून पुढे आले.

या पद्धतीतील धोक्याची पियाजे यांना पूर्ण कल्पना होती. मुलाचे प्रत्येक उत्तर म्हणजे त्याचा खरा विचार, असे मानता येत नाही. त्यांनी उत्तरांचे पाच प्रकार केले. प्रश्नाचा कंटाळा आल्याने मूल सुचेल ते बोलते, हा पहिला प्रकार. स्वतःचा विश्वास नसतानाही ते गंमत म्हणून गोष्ट रचते, हा दुसरा. प्रश्नातूनच उत्तर सुचवले गेल्यामुळे किंवा प्रश्नकर्त्याला खूश करण्यासाठी ते होकार देते, हा तिसरा. पूर्वी कधी न केलेला विचार ते प्रश्नाच्या निमित्ताने, पण स्वतःच्या बुद्धीने करते, हा चौथा. प्रश्नाआधीच मनात तयार असलेला विश्वास ते बोलून दाखवते, हा पाचवा. यांतील शेवटच्या दोन प्रकारांनाच संशोधनात खरे मोल आहे, असे त्यांचे मत होते. हे प्रकार ओळखण्यासाठी उत्तराला उलट सुचवण देऊन पाहावी, मूल आपल्या मतावर टिकते का ते तपासावे आणि त्याच वयाच्या इतर मुलांची उत्तरे त्याच वळणाची आहेत का ते पाहावे, असे निकष त्यांनी घालून दिले. हे कौशल्य अंगी येण्यासाठी किमान वर्षभर रोजचा सराव हवा, असा त्यांचा आग्रह होता.

स्मृतीच्या भरवशाविषयी त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातील एक घटना मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. आपण दोन वर्षांचे असताना पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर एका माणसाने आपल्याला पळवण्याचा प्रयत्न केला व दाईने त्याच्याशी झटापट करून आपल्याला वाचवले, ही आठवण त्यांना चित्रासारखी स्पष्ट होती. ते पंधरा वर्षांचे असताना त्या दाईने पत्र लिहून तो सारा प्रकार आपण रचल्याची कबुली दिली आणि बक्षीस म्हणून मिळालेले घड्याळ परत केले. लहानपणी ऐकलेल्या हकिकतीवरून त्यांच्या मनाने ते दृश्य उभे केले होते. मनापासून सांगितलेली आठवणही खोटी असू शकते, याचा हा दाखला मुलाखतीवर आधारलेल्या प्रत्येक संशोधनाला लागू पडतो.

स्वतःच्या मुलांचे निरीक्षण

१९२३ मध्ये पियाजे यांचा विवाह त्यांची विद्यार्थिनी व्हालांतीन शातने यांच्याशी झाला. त्यांना झाकलीन (१९२५), ल्यूसिएन (१९२७) व लोराँ (१९३१) अशी तीन अपत्ये झाली. जन्मापासून भाषा येईपर्यंत मूल कसे विचार करते, हे मुलाखतीने कळणे शक्य नव्हते. म्हणून पती-पत्नींनी या तिघांच्या वागण्याची तारीखवार व तपशीलवार टिपणे ठेवली. त्यांवर १९३६, १९३७ व १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेले तीन ग्रंथ आधारलेले आहेत.

ही निरीक्षणे निष्क्रिय नव्हती. खेळणे कापडाखाली लपवणे, वस्तूची जागा बदलणे, मूल हात कोठे नेते ते पाहणे असे छोटे प्रयोग त्यांत असत. एक वर्ष चार महिन्यांची ल्यूसिएन काडेपेटीत ठेवलेली साखळी काढू पाहत होती. फट अरुंद असल्याने बोट आत जाईना, तेव्हा तिने थांबून फटीकडे पाहिले, स्वतःचे तोंड अनेकदा उघडले व मिटले आणि मग पेटी ओढून उघडली. शब्द नसलेले मूल कृतीतून विचार करते, याचा पुरावा पियाजे यांना या प्रसंगात दिसला. शेकडो मुलांच्या सरासरीत असा क्षण सापडणे अवघड असते.

बौद्धिक विकासाचा सिद्धान्त

नवा अनुभव जुन्या बौद्धिक रचनेत सामावून घेणे म्हणजे सात्मीकरण आणि अनुभवानुसार ती रचना बदलणे म्हणजे समायोजन, अशा दोन प्रक्रियांतून बुद्धी विकसित होते, असे पियाजे यांनी मांडले. या विकासाच्या त्यांनी चार अवस्था सांगितल्या.

पहिली वेदन-कारक अवस्था जन्मापासून सुमारे दोन वर्षांपर्यंत असते. या काळात डोळ्यांआड झालेली वस्तू अस्तित्वात असतेच, ही जाणीव हळूहळू येते. दुसरी पूर्वकार्यात्मक अवस्था सुमारे सात वर्षांपर्यंत चालते. तिच्यात मूल भाषा व प्रतीके वापरते, पण दुसऱ्याच्या दृष्टिकोनातून पाहणे त्याला कठीण जाते. तिसरी मूर्त कार्यात्मक अवस्था सुमारे अकरा-बारा वर्षांपर्यंत असते. तिच्यात प्रत्यक्ष वस्तूंविषयी तर्कशुद्ध विचार करता येतो. चौथ्या औपचारिक कार्यात्मक अवस्थेत किशोरवयीन मूल केवळ गृहीतकांवरूनही विचार करू लागते.

आलिना शेमिन्स्का व बार्बेल इनहेल्डर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी केलेले अक्षय्यतेचे प्रयोग विशेष गाजले. रुंद पेल्यातील पाणी मुलादेखत उंच व अरुंद पेल्यात ओतले, तर चार-पाच वर्षांच्या मुलाला पाणी वाढल्यासारखे वाटते. सात वर्षांच्या सुमारास मूल पाणी तेवढेच असल्याचे सांगते व तसे का, हेही पटवून देते. पियाजे यांच्या दृष्टीने उत्तरापेक्षा हे पटवून देणे महत्त्वाचे होते.

पद्धतीची बलस्थाने

या पद्धतीचे पहिले बळ नव्या प्रश्नांच्या शोधात आहे. वस्तूचे स्थायित्व किंवा परिमाणाची अक्षय्यता या गोष्टी मुलाला शिकाव्या लागतात, ही शंकाही पूर्वी कोणास आली नव्हती. आधी ठरवलेल्या प्रश्नावलीतून त्या हाती लागल्या नसत्या. दुसरे बळ म्हणजे उत्तरामागील कारणाचा शोध. दोन मुलांचे उत्तर एकच असले तरी एक पाठांतराने व दुसरे समजून बोलत असू शकते, हा भेद पुढचा प्रश्न विचारल्यावरच स्पष्ट होतो. तिसरे बळ दीर्घ निरीक्षणाचे आहे. एकाच मुलाकडे महिनोन्महिने पाहिल्याने एक क्षमता दुसरीतून कशी उमलते, हा क्रम दिसतो. शिवाय पियाजे यांनी संभाषणे व निरीक्षणे विस्ताराने छापली. त्यामुळे त्यांचा निष्कर्ष न पटणाऱ्या वाचकालाही तीच सामग्री निराळ्या प्रकारे वाचता येते.

आक्षेप व मर्यादा

पहिला आक्षेप नमुन्याविषयी होता. तीन मुले, तीही एकाच घरातील आणि निरीक्षक त्यांचेच आईवडील, यांवरून सर्व मानवजातीच्या शैशवाविषयी विधान करणे अनेकांना धाडसाचे वाटले. सुरुवातीच्या ग्रंथांत किती मुलांना विचारले व कितींनी कोणते उत्तर दिले, याचे आकडे पुष्कळदा दिलेले नाहीत. प्रत्येक मुलाला निराळे प्रश्न विचारल्यामुळे दुसऱ्या संशोधकाला तोच अभ्यास तसाच करून पडताळणे अवघड जाते.

दुसरा आक्षेप अर्थ लावण्याविषयी होता. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आत्मकेंद्री भाषेचा वेगळा अर्थ लावला. मुलापुढे अडचण उभी केली की असे बोलणे वाढते, असे त्यांना आढळले होते. म्हणून ती अपरिपक्वतेची खूण नसून मुलाला स्वतःच्या कृतीचे नियोजन करण्यास मदत करणारी आणि पुढे मनातल्या बोलण्यात रूपांतरित होणारी भाषा आहे, असे त्यांनी दाखवले. इंग्लंडमधील सुझन आयझॅक्स यांनी केंब्रिजच्या मॉल्टिंग हाउस शाळेतील मुलांच्या निरीक्षणांवरून असे मांडले की, मुले आपल्या आवडीच्या कामात गुंतलेली असताना पियाजे यांनी सांगितलेल्या वयाआधीच चांगला तर्क करतात. हे दोन्ही आक्षेप निरीक्षणाच्याच मार्गाने आले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप संवादाच्या स्वरूपाविषयी होता. अक्षय्यतेच्या प्रयोगात मोठा माणूस एकदा प्रश्न विचारतो, काहीतरी हलवतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. पहिले उत्तर चुकले असावे, असा मुलाने त्याचा अर्थ घेणे स्वाभाविक आहे. जेम्स मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७० च्या दशकात हा बदल एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीकरवी, जणू अपघाताने घडवून आणला. तेव्हा पुष्कळ अधिक मुलांनी संख्या तीच असल्याचे सांगितले. मुलाच्या विचारातील उणीव म्हणून नोंदलेली गोष्ट काही अंशी प्रश्न विचारण्याच्या रीतीतून निर्माण झाली होती, असे यातून दिसले. रने बायार्जों व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अर्भके कोठे अधिक वेळ पाहतात हे मोजले आणि पाच महिन्यांच्या बाळालाही लपलेल्या वस्तूची काही जाण असते, असा निष्कर्ष काढला. त्याचा अर्थ कसा लावावा, यावर मात्र मतभेद आहेत.

चौथा प्रश्न संस्कृतीचा होता. पियाजे यांची बहुतेक मुले जिनिव्हा व परिसरातील होती. त्यांचे शिष्य पियर दासेन यांनी मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांचा अभ्यास केला. दूरवरच्या प्रदेशात वाट शोधण्याला जेथे महत्त्व आहे, तेथे अवकाशाविषयीच्या संकल्पना आधी व परिमाणाची अक्षय्यता नंतर येते, असे त्यांना दिसले.

पद्धतीतील सुधारणा

टीकेतून पियाजे यांनी आपली पद्धती बदलली. केवळ शाब्दिक मुलाखतीवर विसंबणे अपुरे आहे, हे त्यांनी मान्य केले. १९३० च्या दशकापासून ते मुलाच्या हातात पेले, मणी, मातीचे गोळे, तराजू व लंबक देऊ लागले आणि त्यांच्या कृतीबरोबर संभाषण जोडू लागले. मुलाच्या उत्तराला जाणीवपूर्वक विरोधी मत पुढे ठेवून त्याची पारख करण्याच्या या रीतीला चिकित्सक पद्धती असे नाव मिळाले. इनहेल्डर यांच्या सहभागामुळे काही ग्रंथांत वयोगटांनुसार आकडेही येऊ लागले. व्हिगॉट्स्की यांच्या आक्षेपांना पियाजे यांनी १९६२ मध्ये लेखी उत्तर दिले व त्यांतील काही भाग स्वीकारला.

त्यांच्या सिद्धान्ताची पुढील पडताळणी अनेक देशांत मोठे नमुने, प्रमाणित कृती व सांख्यिकी यांच्या साहाय्याने झाली. अवस्थांची वये व त्यांची एकसंधता यांविषयी तीत मोठे बदल सुचवले गेले. परंतु त्या पडताळणीतील प्रश्न मुळात मोजक्या मुलांशी झालेल्या संभाषणांतून आले होते. गुणात्मक अभ्यासाने गृहीतक शोधावे व संख्यात्मक अभ्यासाने त्याची व्याप्ती तपासावी, ही श्रमविभागणी त्यामुळे बालमानसशास्त्रात रूढ झाली. मात्र डोनाल्डसन यांच्या प्रयोगासारख्या सुधारणांनाही मूल प्रश्न कसा ऐकते याची बारीक जाण असावी लागते आणि ती आकड्यांतून आपोआप येत नाही.

उत्तरायुष्य

पियाजे यांनी न्यूशातेल, जिनिव्हा व लोझान येथील विद्यापीठांत अध्यापन केले. १९५२ ते १९६३ या काळात ते पॅरिसच्या सॉर्बोन येथेही शिकवत. १९२९ पासून जवळजवळ चार दशके ते जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय शिक्षण कार्यालयाचे संचालक होते. १९५५ मध्ये त्यांनी जिनिव्हा येथे ज्ञानाच्या उत्पत्तीचा अभ्यास करणारे आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन केले. तेथे मानसशास्त्रज्ञांबरोबर तर्कशास्त्रज्ञ, गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञही एकत्र काम करीत. हार्वर्ड विद्यापीठाने १९३६ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९७२ मध्ये इरॅस्मस पुरस्कार व १९७९ मध्ये बाल्झान पुरस्कार त्यांना मिळाला. १६ सप्टेंबर १९८० रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

प्रभाव

मूल हे रिकामे भांडे नसून आपले ज्ञान स्वतः रचते, हा विचार पियाजे यांच्यामुळे जगभरच्या शिक्षणक्षेत्रात पोहोचला. भारतात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने याच विचारावर भर दिला आणि महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत तो ज्ञानरचनावाद या नावाने परिचित झाला. राज्यातील शिक्षकप्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांतही पियाजे यांच्या अवस्थांचा समावेश असतो. वर्गात या अवस्था बऱ्याचदा वयाच्या ठरावीक तक्त्याच्या रूपात पाठ केल्या जातात. पियाजे यांचे स्वतःचे काम मात्र चुकलेले उत्तर देणाऱ्या मुलाला आणखी एक प्रश्न विचारण्यापासून सुरू झाले होते.